पेटी मागून चालते

मल्लेश्वरमच्या भजनी मंडळात नवीन कुणी आलं, की नरसिंहरावांची ओळख अशी करून दिली जायची: "हे आमच्या अहल्याअक्कांचे यजमान." मग जरा थांबून, विसरलेलं आठवल्यासारखं, "पेटी वाजवतात." नरसिंहरावांना याचा कधी राग आला नाही. टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली होती. स्वतः बोलायची हौस असलेला माणूस त्या खात्यात टिकलाच नसता.

अहल्याबाई गायच्या आणि नरसिंहराव साथ करायचे. लग्नानंतरच्या पहिल्या रामनवमीपासून हे असंच चालत आलेलं. बाईंचा आवाज काही मैफलीत मिरवणारा नव्हता. जरा जाडच, आणि वर गेला की किंचित घोगरा व्हायचा. पण त्या गायला लागल्या की भजनाला आलेल्या बायकांची कुजबुज आपोआप थांबायची, आणि मल्लेश्वरमच्या बायकांची कुजबुज थांबवणं म्हणजे काही खायचं काम नव्हे. नात्यात कुणाचंही बारसं असलं की पाळणा म्हणायचं बोलावणं ठरलेलं. सगळं गणगोत या दोघांना अण्णा आणि अक्का म्हणायचं. पुढे नातवंडांच्या पिढीनंही आजोबा-आजी न म्हणता तेच उचललं.

साथ करायची नरसिंहरावांची एक रीत होती. ते बाईंच्या डाव्या हाताला जरा तिरके बसायचे आणि पेटीच्या पट्ट्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बघायचे ते बाईंकडे. गळ्याखालचं हाड उचललं गेलं, म्हणजे श्वास घेतला. डावी भुवई चढली, म्हणजे सूर वर जाणार. हनुवटी खाली आली, म्हणजे ओळ संपत आली. "कानानं वाजवलं तर उशीर होतो," असं त्यांचं म्हणणं. "सूर ऐकू येईपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. साथ डोळ्यानं करायची, आणि एक पाऊल मागून चालायचं." एवढं सांभाळूनही, भजन आटोपून दोघं रिक्षात बसली की बाई पदर सावरत निकाल द्यायच्या, "तिसऱ्या कडव्यात धावलात." नरसिंहराव म्हणायचे, "मी नाही धावलो, तू रेंगाळलीस." मग घर येईपर्यंत दोघांचं झकास भांडण चालायचं. रिक्षावाल्यांना वाटे, म्हातारा-म्हातारी काडीमोड घ्यायला निघाली आहेत.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या मानेत गाठ निघाली. आवाजाच्या नसांना ती विळखा घालून बसली होती. जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जीव वाचला. आवाज गेला. घशात उरला तो नुसता वारा, आणि तोही तोंडाशी कान नेला तरच कळणारा.

अहल्याबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं नाही; घ्यायला आवाजच नव्हता, असं त्यांनी स्वतःच एकदा मोबाइलवर लिहून दाखवलं आणि नवऱ्यालाच रडवलं. मग त्यांनी आपली व्यवस्था लावली. एक टाळी म्हणजे इकडे या. पेल्यावर चमचा वाजला म्हणजे पान वाढलंय. बाकी सगळं मोबाइलवर. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात मेसेज यायचे: "कॉफी झाली." "नळ कोण बंद करणार?" "पुन्हा पेपर ओल्या टेबलावर?" बोलणी खायची नरसिंहरावांची सोय अजिबात बंद पडली नाही. घर चालत होतं. घरात गाणं तेवढं नव्हतं.

पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. जिचा गळा गेला तिच्यासमोर पेटी उघडायची, म्हणजे उपाशी माणसासमोर पान मांडून आपणच जेवायला बसायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मंडळात सांगितलं, उंदरानं भाता कुरतडला. बाईंनाही तेच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि कढीपत्ता निवडत राहिल्या. खरी गोष्ट एकट्या नरसिंहरावांना ठाऊक होती. बाई एकदा देवळात गेल्या असताना त्यांनी पेटी काढून बघितली होती. भाता ठणठणीत होता. बोटंच कुठे जायचं ते विसरली होती. पुढे कुणी चालत नसेल तर मागून चालणाऱ्यानं पाऊल टाकायचं कुठे? त्या दिवशी पेटी बंद करताना, आपलंही गाणं संपलं, हे त्यांनी मुकाट्यानं मान्य करून टाकलं.

अशात एका दुपारी मनस्विनी आली. ही त्यांच्या बहिणीची नात. इंदिरानगरच्या एका स्टुडिओत ती सिनेमाच्या आवाजाचं काम करायची. म्हणजे नेमकं काय, ते घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. तिची आई लोकांना "कंप्युटरचं काहीतरी" एवढंच सांगायची.

"अण्णा, एक काम आहे, नाही म्हणू नका," ती चपला काढता काढताच म्हणाली. "एका जुन्या मूकपटाची रिळं सापडलीत. बरीचशी जळलेली, पण वीसेक मिनिटं चांगली आहेत. आम्ही रविवारी सकाळी इथंच, मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये दाखवणार. पियानो वाजवणारा पोरगा ऐनवेळी जर्मनीला गेला. आणि खरं म्हणजे पेटीच हवी. त्या काळी पडद्याशेजारी पेटी-तबलेवालेच बसायचे."

"मी वाजवत नाही गं. मी साथ करतो."

"मग सिनेमाला साथ करा."

"गातंय कोण?"

"अय्यो अण्णा! मूकपट आहे तो. कोण गाणार?"

"मग झालं तर. शिवाय आमचा भाता फाटलाय."

"स्टुडिओत दुसरी पेटी आहे."

नरसिंहरावांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. नरसिंहरावांनी आवाज खाली आणून ठाम नकार दिला. मनस्विनीनंही आवाज खाली आणला. "सरी, ठीक आहे, वाजवू नका. नुसतं बघायला या. अक्कांना सांगा, दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून."

तर अशा रीतीनं, ज्यांच्या तोंडात स्वतःचे दात फारसे उरलेच नव्हते, ते नरसिंहराव दाताच्या डॉक्टरकडे म्हणून निघाले आणि मेट्रोनं इंदिरानगरला पोचले.

स्टुडिओची खोली बघून ते गोंधळले. जमिनीवर कुठे वाळू, कुठे फरशी, कुठे वाळका पाला. कोपऱ्यात जुन्या चपलांचा ढीग, तुटकी छत्री, पितळी भांडी. मोडीत निघालेल्या बिऱ्हाडासारखा प्रकार. मनस्विनीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि एका नव्या सिनेमातला तुकडा आवाज बंद करून लावला. एक आडदांड माणूस पावसात जिना चढत होता. नरसिंहरावांना हसूच आलं. "कुणाकडे उसने पैसे मागायला निघालाय वाटतं."

"आता बघा." तिनं आवाज सोडला. पाऊस कोसळायला लागला, प्रत्येक पायरीवर बूट जड पडायला लागले, खाली कुठेतरी दार करकरलं. नरसिंहराव खुर्चीत मागे सरकले. माणूस तोच, जिना तोच. पण आता तो कुणाचा तरी जीव घ्यायला चालला होता.

"हा पाऊस कुठला सांगू? आमच्या आईनं मिरची भजी तळली ना, त्या कढईतला," मनस्विनी म्हणाली. "आणि पुढे त्याचा हात मोडतो, तो मुळा आहे. कडाक्कन मोडायचा, माइकजवळ."

नरसिंहराव आ वासून बघत राहिले. आयुष्यभर थेटरात ज्या पावसात ते भिजले, तो कुणाच्या तरी कढईतला असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण सिनेमा बघायला जातो म्हणतो, आणि अर्धा सिनेमा तर कानात शिरून आपल्याला दिसत असतो! त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि भजी ठाऊक असूनही ते पुन्हा भिजले.

मग तिनं मूकपट लावला. गोष्ट साधी होती. नदीकाठचं घर, एक तरुण बाई, तिचं तान्हं मूल. पूर येतो, मूल जातं. शेवटी ती रिकाम्या पाळण्याची दोरी धरून बसते आणि गाते. गाते म्हणजे ओठ हलतात. तिथेच रीळ संपायचं. पुढचं जळून गेलेलं. बाईचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. शंभरेक वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर बसून ती काहीतरी गायली होती, आणि ते काय होतं हे सांगणारं आता पृथ्वीवर कुणी नव्हतं.

"नीट बघा हं," असं म्हणून मनस्विनीनं त्या चेहऱ्याखाली बासरी लावली. मूल झोपेतून आता जागं होईल, अशी वाट बघणारी आई दिसली. मग तिनं बासरी काढून ढोल लावला. त्याच चेहऱ्यावर आता वेड दिसायला लागलं. ही बाई उठून नदीत उडी घेणार असं वाटलं. शेवटी तिनं सगळं काढून टाकलं आणि पाळण्याच्या कडीची नुसती करकर ठेवली. ती करकर रिकाम्या पाळण्याची होती; ओझं नसलेली. नरसिंहरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. चेहऱ्याची एक रेषसुद्धा बदलली नव्हती, आणि तीन निरनिराळ्या बाया त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. देवासमोर हात जोडावेत तसे त्यांचे हात नकळत जुळले.

"पेटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर त्यांचे दात फारच बिघडले. रोज डॉक्टर. बाई मान हलवून परवानगी द्यायच्या, आणि परत आल्यावर मुद्दाम मऊ भात पुढे करायच्या. नरसिंहराव खालमानेनं तो गिळायचे.

पण तालमी काही जमेनात. पुराच्या प्रसंगाला त्यांनी जोरकस काहीतरी बसवलं, नदीकाठच्या घराला गोड धून बसवली, ठीक होतं. पाळण्याशी आलं की सगळं फसायचं. ते भजनातल्या करुण चाली एकामागून एक लावून बघत. मनस्विनी ऐकायची, मान वाकडी करायची, आणि एके दिवशी तिनं सांगूनच टाकलं.

"अण्णा, रागावू नका. तुम्ही तिच्या पुढे चाललाय. ती रडायच्या आधीच तुम्ही रडताय. मग बघणाऱ्याला काही उरतच नाही."

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर जो माणूस एक पाऊल मागून चालला, त्याला ही पोर सांगत होती की तू पुढे चालतोस. आणि खरंच सांगत होती. "अगं, ती गात कुठे आहे?" ते कळवळून म्हणाले. "ओठ हलतात, पण श्वास कुठे घेते ते त्या ओरखड्यांत दिसतसुद्धा नाही. मागून चालायचं, तर चालायचं कोणाच्या?"

नरसिंहरावांनी पेटीवर फडकं टाकलं आणि रविवार कसा टळेल याचा विचार करत मेट्रो पकडली.

रविवार कुणासाठी टळतो? ते सकाळी, "मंडळाची बैठक आहे," असं सांगून निघाले, हॉलच्या मागच्या दारानं आत शिरले, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला मांडलेली सतरंजी बघून जागच्या जागी थिजले. सतरंजीवर स्टुडिओची पेटी नव्हती. त्यांची स्वतःची होती. अंजिरी मखमलीची खोळ, आणि खोळीच्या कडेला बाईंनी स्वतः विणलेली वेल.

"ही इथं कशी?"

"अक्कांनी माळ्यावरून काढवून घेतली," मनस्विनी म्हणाली. "त्यांनीच मला मेसेज केला होता. 'दात दुखणारा माणूस चकल्या खातो का?' म्हणून. मग मला सगळं सांगावंच लागलं. आणि अण्णा... भाता फाटलेला नाही."

नरसिंहरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पडद्याच्या कडेनं डोकावून बघितलं. हॉल भरलेला होता. पुढच्याच रांगेत, मंडळातल्या बायकांच्या मधोमध, अहल्याबाई बसल्या होत्या. बारशाला नेसायच्या ती जांभळी साडी नेसून. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काही नव्हतं. त्या चेहऱ्याखाली कुठला सूर लावावा, ते काही केल्या कळेना.

दिवे गेले. पडद्यावर नदी आली.

पहिली काही मिनिटं बोटांनी निभावून नेलं. घर, अंगण, मूल, गोड धून. पूर आला तेव्हा त्यांनी भाता असा हाणला की मागच्या रांगेतलं एक पोर आईला बिलगलं. मग पाणी ओसरलं. ती बाई चिखलातून चालत घरात आली, पाळण्याशी बसली, दोरी हातात घेतली. तिचे ओठ हलले.

आणि नरसिंहरावांची बोटं थांबली. त्यांनी थांबवली नाहीत, थांबली. बसवलेल्या करुण चाली सगळ्या डोक्यात होत्या, पण एकही पट्टी दाबवेना. दाबली असती तर ती खोटी पडली असती, हे त्यांना आता कळत होतं. पडद्यावर ती गात राहिली आणि हॉलमध्ये चिडीचूप झालं. पंख्यांची घरघर, बाहेरच्या रस्त्यावरचा एक हॉर्न. लोकांना वाटलं, हे मुद्दामच. नरसिंहरावांना घाम फुटला. जे दोन वर्षांपूर्वी घरात एकट्यानं कबूल केलं होतं, ते आज भरल्या हॉलसमोर उघडं पडत होतं. सगळं संपलं, असंच ते धरून चालले.

तेवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. अहल्याबाई उठल्या. अंधारात रंगमंचाच्या दोन पायऱ्या चाचपत चढल्या, पडद्याच्या कडेनं आल्या, आणि सतरंजीवर त्यांच्या उजव्या हाताला, वर्षानुवर्षं बसत आल्या तशा, मांडी घालून बसल्या. पडद्याचा उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांनी एकदा पडद्यावरच्या त्या बाईकडे निरखून पाहिलं. मग गळ्याखालचं हाड उचललं गेलं.

त्या गायला लागल्या. आवाजाचा टिपूससुद्धा नव्हता. पण ओठ हलत होते, डावा हात मांडीवर ताल धरत होता, आणि भुवई, ती डावी भुवई, चढली. पाळणा. बारशांना म्हणायच्या तोच. नरसिंहरावांच्या बोटांनी मालकाला विचारलंच नाही. ती त्या भुवईमागोमाग वर गेली आणि पहिला सूर हॉलमध्ये आला.

काय झालं ते त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. बाईंचा श्वास आता पूर्वीसारखा पुरत नव्हता. घशातून वारा निसटायचा, आणि जिथे एका दमात ओळ जायची तिथे आता दोनदा, तीनदा थांबावं लागत होतं. त्या थांबल्या की पेटी थांबायची. ओळ मध्येच तुटायची, हाड पुन्हा उचललं जायचं, तुटलेलं टोक पुन्हा धरलं जायचं. आनंदाच्या घरी म्हणायचा तो पाळणा असा अडखळत, दम घेत चालला, आणि पडद्यावरची ती बाई अगदी तशीच अडखळत होती. अहल्याबाई तिच्या मागून चालल्या होत्या. नरसिंहराव अहल्याबाईंच्या मागून चालले होते. आणि काळोखात बसलेला अख्खा हॉल त्या पेटीच्या मागून चालला होता, शंभर वर्षांपूर्वीच्या एका घरात, रिकाम्या पाळण्यापर्यंत.

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघितलं. ती गात होती. ओठ नुसते हलत नव्हते. तिच्या तोंडातून गाणं बाहेर येत होतं. दोन मुक्या बाया एक गाणं गात होत्या आणि ते ऐकू येत होतं! एवढं मोठं काही आपल्या हातून, आपल्या या बोटांतून जात आहे, याची त्यांना भीती वाटली. तिसऱ्या कडव्याशी बाईंचा श्वास फारच तोकडा पडायला लागला, तसे ते कासावीस झाले. मग शेवटची ओळ आली, हनुवटी खाली झुकली, सूर विरला, आणि रीळ जिथे जळलं होतं तिथे पडदा पांढराफेक झाला.

मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग ती थांबेना.

दिवे लागल्यावर लोक पुढे आले. त्यांत शिवलीला नावाची एक तरुण मुलगी होती. निपाणीची, इथे ऑफिसात कामाला. तिचे डोळे सुजले होते. ती मनस्विनीला धरूनच बसली. "कोण म्हणत हुत्या ओ पाळणा? दाखवा की जरा. आमची आज्जी अस्साच म्हणायची."

"कुणी म्हटला नाही," मनस्विनी म्हणाली. "पेटी होती फक्त."

"काय सांगालाय? माझ्या कानानं ऐकलं की मी! बाईचाच आवाज. जरा जाड. वर गेला की घोगरा व्हायचा."

मनस्विनीनं वळून बघितलं. अहल्याबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. शिवलीलेनं त्यांचा आवाज जन्मात कधी ऐकला नव्हता. नरसिंहरावांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, चारचौघांत, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. "या म्हणत होत्या," ते म्हणाले.

शिवलीला वाकून बाईंच्या पाया पडली. "गाणं सोडू नगासा हं, अक्का," ती म्हणाली. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि मान डोलावली, सोडत नाही म्हणून.

दुपारच्या उन्हात दोघं रिक्षात बसली. पेटी पायाशी. रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, भजन होतं का? नरसिंहराव म्हणाले, हो. भात्याची लबाडी, दातांची लबाडी, दोन वर्षांचं माळ्यावरचं मौन. माफी नेमकी कशाची मागावी याची जुळवाजुळव ते करत होते. बाई रस्त्याकडे बघत होत्या. सिग्नलला रिक्षा थांबली, आणि नरसिंहरावांच्या खिशात मोबाइल वाजला.

त्यांनी चष्मा शोधला, लावला, वाचलं.

"तिसऱ्या कडव्यात धावलात."

अक्षरं पुसट झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. मग घसा खाकरून, रिक्षाच्या खडखडाटावर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मी नाही धावलो. तू रेंगाळलीस."

अहल्याबाईंनी पदर सावरला आणि भराभरा पुढचं लिहायला घेतलं.